वेगमर्यादेचा ई-मेमो आलाय: भरून मोकळं व्हावं की लढावं? (बडोदे)

रावपुरा_वाडा

नमस्कार मंडळी. सगळ्यांचीच मतं हवी आहेत, पण बडोद्याचे रस्ते आणि इथलं कोर्ट ज्यांना माहीत आहे त्यांनी जरा सविस्तर लिहावं.

गाडी माझ्या नावावर. मागच्या आठवड्यात मोबाइलवर मेसेज आला, ई-मेमो (कॅमेऱ्याच्या नोंदीवरून निघणारं ई-चलान) फाटलाय म्हणून. रस्ता महानगरपालिकेच्या हद्दीतला, चौपदरी, मधे दुभाजक. मर्यादा ५०, नोंदलेला वेग ७१, रक्कम दोन हजार. फोटोत नंबरप्लेट स्वच्छ दिसते, गाडी आमचीच आहे, त्याबद्दल वाद नाही. त्या दिवशी गाडी मुलगी चालवत होती. तिचं स्वतःचं लायसन्स आहे, रोज नोकरीला त्याच रस्त्याने जाते. ती म्हणते, "बाबा, भरून टाका." मला ते पटत नाही.

मी त्या रस्त्यावर मुद्दाम चालत जाऊन पाहिलं. ५० चा फलक आहे, पण तो कॅमेऱ्याच्या पुढे, शाळेच्या वळणापाशी. मुलगी ज्या बाजूने आली त्या बाजूला कॅमेऱ्याच्या आधी मर्यादेचा एकही फलक नाही, कॅमेरा असल्याची सूचनाही नाही. मर्यादा काय आहे हे रस्त्यावर सांगितलंच नाही, तर ती मोडल्याचा दंड कसा लावता येतो? दोन हजार मी भरू शकतो. पण याच रस्त्यावरून रिक्षावाले जातात, डिलिव्हरीची मुलं जातात. त्यांच्यासाठी ही रक्कम लहान नाही, आणि त्यांच्यातला कोणी कोर्टाची पायरी चढणार नाही. म्हणून वाटतं, ज्याला जमतं त्याने तरी विचारायला हवं.

लढायचं म्हटलं तर नेमकं कुठे जायचं? मुलीच्या लायसन्सवर काही येईल का? आणि हरलो तर दंड वाढतो का?

हलोल_अपडाउन

काका, भरून टाका. मी रोज हलोलला अपडाउन करतो, त्या रस्त्यावर लोकांना मेमो येतच असतात. कोर्टाची एक तारीख म्हणजे एक रजा, आणि तारीख एकच असेल याची खात्री नाही.

मात्र मी स्वतः एकदा लढलोय, आणि ते लढण्यासारखं होतं. मला आलेल्या मेमोत दुसऱ्याच माणसाची गाडी होती. त्याच्या प्लेटवरचा ३ कॅमेऱ्याने ८ वाचला आणि तो नंबर माझा निघाला. माझी मोटरसायकल, फोटोत पांढरी मोटार! ई-चलानच्या सरकारी साइटवर तक्रार नोंदवायची सोय आहे. तिथे मेमोचा नंबर, आरसी बुकचा फोटो आणि गाडीचे पुढून-मागून काढलेले फोटो चढवले. मेमो रद्द झाला. कोर्टात जावं लागलं नाही. असं काही असेल तर एक रुपयाही भरू नका. तुमच्या बाबतीत गाडी तुमचीच आहे, मग कशाला?

काळा_कोट_दिवाळीपुरा

मी इथेच दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात वकिली करतो. या विषयावर ऐकीव माहितीच जास्त फिरते, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी दंडाचं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८३. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर हलक्या वाहनाला किमान एक हजार, कमाल दोन हजार. तुमच्या मेमोवर कमाल रक्कम आधीच आहे, तेव्हा लढल्यामुळे दंड त्यापलीकडे जाईल ही भीती सोडा. खर्च होईल तो वेळेचा आणि वकील लावलात तर त्याच्या फीचा.

आता फलक. केंद्राने रस्त्याच्या प्रकाराप्रमाणे कमाल वेग ठरवून दिले आहेत. त्याहून कमी मर्यादा एखाद्या रस्त्यावर लावायची असेल तर कलम ११२(२) पाहा. राज्य सरकारने किंवा सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने राजपत्रात अधिसूचना काढायची आणि योग्य ठिकाणी फलक लावायचे. दोन्ही हवं. महिन्याभराच्या आतल्या तात्पुरत्या बंधनाला अधिसूचना लागत नाही, पण तुमच्या रस्त्यावरची मर्यादा तशी दिसत नाही. म्हणजे तुमचा मुद्दा पोकळ नाही.

दुसरं, केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १६७अ. कॅमेऱ्याने होणाऱ्या कारवाईसाठी ऑगस्ट २०२१ मध्ये हा नियम आणला. यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण हवं. कॅमेऱ्याच्या आधी वाहनचालकांना दिसेल असा सूचनाफलक हवा. नोटीस गुन्ह्यापासून १५ दिवसांत पाठवायची. मेमोत फोटो, मोजलेला वेग, तारीख, वेळ, जागा आणि कोणतं कलम मोडलं हे सगळं हवं. इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्रही हवं. पूर्वी ते पुरावा कायद्याच्या ६५ब खाली असे, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३ लागतं.

कुठे जायचं? मेमोवर जी मुदत छापली आहे तीच धरा. त्या मुदतीत ऑनलाइन तक्रार करा, फलकाचे फोटो जोडा. तिथे दाद लागली नाही आणि पैसेही भरले नाहीत तर प्रकरण व्हर्च्युअल, म्हणजे ऑनलाइन चालणाऱ्या, कोर्टात जातं. तिथे दोन पर्याय असतात, दंड मान्य करून भरणं किंवा खटला लढवायचा आहे असं सांगणं. दुसरा निवडला की प्रकरण आपल्या हद्दीतल्या नेहमीच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे येतं. तिथे पुरावा देण्याची जबाबदारी सरकारपक्षाची.

तुम्ही मला दोन गोष्टी सांगा. घटनेची तारीख आणि नोटिशीची तारीख यांत किती अंतर आहे? आणि मुलगी किती वेगात होती? कॅमेरा काय म्हणतो ते मेमोत आलंय, मला तिचं म्हणणं हवंय.

काट्याचा_माणूस

मापनयंत्रांच्या कामात नोकरी गेली, आता निवृत्त. वकीलसाहेबांनी प्रमाणपत्राचा उल्लेख केला त्यात थोडी भर घालतो, कारण "मशीन चुकलं असेल" असं लोक फार सहज म्हणतात.

रडार गाडीकडे तिरक्या कोनातून पाहतं तेव्हा त्याला वेगाचा फक्त स्वतःच्या दिशेचा भाग दिसतो. म्हणजे कोनामुळे आकडा कमी येतो, जास्त नाही. २० अंशांचा कोन असेल आणि तो हिशेबात धरला नसेल तर ७१ ची गाडी ६७ च्या आसपास दिसेल. हे चालकाच्या फायद्याचं आहे. खांबावरच्या कॅमेऱ्यात मात्र हा कोन बसवतानाच हिशेबात धरतात. नंतर खांब हलला, ब्रॅकेट फिरला, तर आकडा दोन्हीकडे सरकू शकतो. म्हणून वार्षिक तपासणीचं महत्त्व. वैधमापनशास्त्राच्या नियमांत रडारने वेग मोजणाऱ्या यंत्रांचा समावेश झालाय आणि १ जुलै २०२५ पासून त्यांची पडताळणी आणि मुद्रांकन बंधनकारक आहे. किराणा दुकानातल्या वजनकाट्यावर जसा शिक्का पाहतो तसाच इथेही मागावा. तो मागण्यात काही वावगं नाही.

गाडीतल्या काट्याबद्दलही सांगतो. कंपन्या तो मुद्दाम थोडा जास्त दाखवेल असा बसवतात, खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायची त्याला परवानगी नसते. तेव्हा मुलीला काटा ७५ दिसत असेल तर खरा वेग ७० ते ७२ असणं अगदी शक्य आहे. तिला विचाराच.

मांजलपूर_फिजिओ

काका, फलकाच्या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूने आहे. पण धाग्यात आतापर्यंत एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहिते.

माझ्याकडे अपघातानंतर चालायला शिकणारे लोक येतात. मांडीचं हाड, खुबा, गुडघा. बरेच जण पायी रस्ता ओलांडणारे किंवा स्कूटरवरचे. त्यांना धडकलेल्या गाडीचा चालक जवळजवळ प्रत्येक वेळी म्हणतो की मी फार जोरात नव्हतो.

पन्नास आणि सत्तर यांतला फरक वीसचा वाटतो, पण ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. कोरडा रस्ता, चांगले टायर, ब्रेकवर पाय जायला एक सेकंद धरा. ५० च्या वेगात गाडी साधारण २८ मीटरवर थांबते, ७० ला ४६ च्या आसपास लागतात. आणि मला सगळ्यात भयंकर वाटतं ते हे: जिथे पन्नासची गाडी पूर्ण थांबलेली असते, तिथे सत्तरची गाडी अजून ५५ ते ६० च्या वेगात असते. एवढ्या वेगाने माणसाला धडक बसली की तो माझ्यापर्यंत पोचतच नाही अनेकदा.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १,६८,४९१ मृत्यू आहेत, त्यांतले सुमारे ७१ टक्के अतिवेगाच्या खात्यावर. आणि तुम्हीच लिहिलंय, पुढे शाळेचं वळण आहे. म्हणजे तिथली ५० ही मर्यादा उगाच लावलेली नाही. फलक हवाच, आणि कॅमेऱ्याच्या बराच आधी हवा. पण फलक नव्हता म्हणून सत्तर ठीक होतं, असं मुलीला वाटू देऊ नका.

रावपुरा_वाडा

ताई, तुम्ही लिहिलेलं मी रात्री मुलीला आणि हिला मोठ्याने वाचून दाखवलं. त्यावर जास्त बोलणं झालं नाही, पण सगळ्यांनी नीट ऐकलं.

वकीलसाहेब, नोटीस पंधरवड्याच्या आत आली आहे, तारखा जुळतात. मुलगी म्हणते काटा पंचाहत्तरच्या जवळ होता, रस्ता मोकळा होता. काट्याचा_माणूस यांनी सांगितलं त्या हिशेबाने ७१ बरोबर बसतो. म्हणजे यंत्रावर माझा आक्षेप उरत नाही, फक्त फलकावर उरतो.

एक विचारायचं राहिलं. मेमो माझ्या नावावर आहे. मी भरला तर गुन्हा माझ्या नावावर लागतो की तिच्या?

पुण्याची_झालेली_बडोदेकर

माहेर दांडिया बाजारात, म्हणून धागा वाचते आहे. काका, घाई कशाला करता? पुढच्या लोकअदालतीपर्यंत थांबा. आमच्याकडे इथे कितीतरी जण तेच करतात, तडजोडीत रक्कम कमी होते, विषय मिटतो.

काळा_कोट_दिवाळीपुरा

@पुण्याची_झालेली_बडोदेकर, ताई, लोकअदालत तडजोडीसाठी आहे. तिथे फलक होता की नव्हता याचा निवाडा होत नाही, आणि तिचा निर्णय अंतिम, त्यावर अपील नाही. काकांना रस्त्यावरचा दोष कोणाच्या तरी नजरेत आणायचा आहे. तो तिथे कोणी ऐकणार नाही. सवलत मिळेलच हे गृहीत धरून थांबणं मला योग्य वाटत नाही. थकलेल्या मेमोमुळे आरटीओची कामं अडकतात, गाडी विकायला काढली की हे मेमोच आधी समोर येतात.

@रावपुरा_वाडा, मालक आणि चालक हा प्रश्न महत्त्वाचा आहे. कलम १३३ प्रमाणे पोलिसांनी विचारलं तर गुन्ह्याच्या वेळी गाडी कोण चालवत होतं त्याचं नाव-पत्ता देणं मालकाचं कर्तव्य आहे. अतिवेग हा चालवणाऱ्याचा गुन्हा आहे. पहिल्या वेळेला दंड आहे, पण पुन्हा झाल्यास लायसन्स जप्त करण्याची तरतूद त्याच कलमात आहे. त्यामुळे भरताना किंवा लढताना कोण चालवत होतं याबद्दल खोटं काही लिहू नका. बाप मुलीला वाचवायला "मीच होतो" असं लिहून देतो, असं मी पाहिलंय. मग कोर्टात फोटो निघतो आणि साध्या दंडाच्या प्रकरणाला वेगळंच वळण लागतं.

आता तुमच्या प्रकरणाचा गाभा. तुम्ही ५० ची मर्यादा पाडलीत असं समजू. अधिसूचना निघाली नाही किंवा फलक योग्य जागी नव्हता, कोर्टाने मान्य केलं. मग तिथे कोणती मर्यादा उरते? केंद्राच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेत महानगरपालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारीला कमाल ७० आहे. तुमचा आकडा ७१. दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्याला त्याच तक्त्यात १०० आहे, तेव्हा शहरातल्या चौपदरी रस्त्याला कोणता रकाना लावायचा यावर मी युक्तिवाद करू शकतो. पण शाळेजवळच्या शहरी रस्त्यावर १०० चा रकाना लावा म्हणून न्यायाधीशांपुढे उभं राहायला मला स्वतःला आवडणार नाही.

स्पष्ट सांगतो, तुम्ही जिंकूही शकता. सूचनाफलक नसणं ही खरी त्रुटी आहे. पण जिंकलात तर ती कागदावरची जीत असेल, मोजलेला वेग कमी ठरणार नाही.

हलोल_अपडाउन

आता मी माझं मत बदलतो. काका, लढा.

का ते सांगतो. आमच्यासारखे रोज गाडी चालवणारे लोक किती मर्यादांमधून जातात पाहा. अहमदाबादकडे जाणाऱ्या जुन्या एक्सप्रेसवेवर मोटारीला १००. फेब्रुवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या भरूचकडच्या नव्या पट्ट्यावर १२०. तिथून उतरून शहरात शिरलं की ७०, ५०, कुठे ४०, कुठे ३०. हे सगळं चालकाला फलकाशिवाय कसं कळणार? कॅमेरा आधी आणि फलक नंतर, हे कोणीच विचारलं नाही तर ते असंच राहणार. तुमच्याकडे फोटो आहेत, वेळ आहे, चार शब्द नीट लिहिता येतात. तुम्ही नाही तर कोण?

मांजलपूर_फिजिओ

फलकासाठी भांडायलाच हवं, पण त्यासाठी दंड नाकारायलाच हवा असं नाही ना? दोन्ही वेगळं करता येत असेल तर करावं. कोणी सांगेल का, नुसता फलकाचा प्रश्न कुठे मांडता येतो?

सुरसागर_काठ

माहिती अधिकारातून. २००५ च्या कायद्याखाली अर्ज, गुजरातमध्ये फी २० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. शहर पोलीस आयुक्तालयाच्या माहिती अधिकाऱ्याला पाठवा. प्रश्न मोजके आणि कागद मागणारे ठेवा: त्या रस्त्यावरच्या ५० च्या मर्यादेच्या अधिसूचनेची प्रत, फलक कोणत्या ठिकाणी लावायचे ठरले त्याचा कागद, त्या कॅमेऱ्याचं चालू वर्षाचं मान्यता प्रमाणपत्र. "असं का केलं?" हे विचारू नका, त्याचं उत्तर येत नाही. कागद मागितला तर द्यावा लागतो, किंवा नाही असं लेखी सांगावं लागतं. तो नकारही पुढे उपयोगी पडतो.

याशिवाय महानगरपालिकेला साधा अर्ज, दोन्ही बाजूंच्या फोटोंसकट. फलक उभारणं कोणाच्या अखत्यारीत हे त्यांनी आपसात ठरवावं, आपण दोघांना प्रत पाठवायची. माझ्या ओळखीच्यांनी एका चौकातल्या झाडाआड गेलेल्या फलकासाठी असा अर्ज दिला होता. फांद्या छाटल्या गेल्या.

अजून एक, धाग्यावर नवीन येणाऱ्यांसाठी. मेमोच्या नावाने व्हॉट्सअॅपवर एपीके (फोनवर अॅप चढवणारी) फाइल आली तर उघडू नका. ती उघडून लोकांची खाती रिकामी झाली आहेत. मेसेजमधल्या लिंकवर बोट न ठेवता ई-चलानची परिवहन खात्याची साइट स्वतः उघडा, पत्ता गव्ह डॉट इन ने संपतो का ते पाहा, आणि गाडीचा नंबर घालून मेमो खरंच आहे का ते तपासा. काकांचा मेमो खरा आहे, पण दर वेळी तसं नसतं.

रावपुरा_वाडा

मंडळी, ठरलं. सांगायला उशीर झाला कारण घरात बरीच चर्चा झाली.

आम्ही मेमो भरतोय. पैसे मुलगी भरणार आहे, तिनेच आग्रह धरला. तिचं म्हणणं तिच्या शब्दांत लिहितो: "बोर्ड असता तरी मी तिथे पन्नासनेच गेले असते असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मग बोर्ड नव्हता हे कारण मी कोर्टात कसं देऊ?" याच्यापुढे मला वाद घालावासा वाटला नाही. लायसन्स तिचं, गुन्हा तिचा, निर्णय तिचा. मी तिच्या जागी असतो तर कदाचित लढलो असतो. हलोल_अपडाउन, तुमचा मुद्दा मला अजूनही पटतो, आणि एखादा रिक्षावाला याच फलकावरून लढायला उभा राहिला तर माझे फोटो त्याला देईन.

फलकाचं मात्र सोडलेलं नाही. माहितीचा अर्ज तयार आहे, सुरसागर_काठ यांनी सांगितलेले तिन्ही कागद मागितले आहेत. महानगरपालिकेच्या अर्जावर शाळेजवळ राहणाऱ्या शेजाऱ्यांच्या सह्या घेतोय. फिजिओताई, तुमचा २८ आणि ४६ मीटरचा हिशेब त्या अर्जात घेतला तर चालेल का? कॅमेऱ्यापासून वळण किती जवळ आहे हे मोजून तो हिशेब शेजारी मांडला की फलक आधी का हवा ते लगेच कळतं.

मांजलपूर_फिजिओ

जरूर घ्या काका. कोरडा रस्ता आणि एक सेकंद प्रतिक्रिया धरली आहे हे लिहा, आणि पावसात अंतर आणखी वाढतं हेही. शाळेच्या मुख्याध्यापकांची सही मिळाली तर फार बरं. वळणापाशी मुलं कुठून रस्ता ओलांडतात त्याचा फोटो शाळा सुटायच्या वेळी काढा, मुलांचे चेहरे दिसणार नाहीत अशा बेताने.

काळा_कोट_दिवाळीपुरा

भरल्यावर पावती उतरवून ठेवा, आणि काही दिवसांनी साइटवर मेमो निकाली दाखवतोय का ते पुन्हा पाहा. बँकेतून पैसे गेले आणि नोंद झाली नाही असं होतं, तेव्हा पावतीवरचा व्यवहार क्रमांकच उपयोगी पडतो. दुसऱ्यांदा पैसे भरायची घाई करू नका, आधी तक्रार नोंदवा.

अर्जाची पोच शिक्क्यासकट घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करता येतं, त्यालाही ३० दिवसांची मुदत आहे. अपिलाचा मसुदा लागला तर इथेच सांगा, मी लिहून देतो, फी नको. आणि अधिसूचनेची प्रत हातात आली की ती या धाग्यावर टाका. त्या रस्त्यावरचा पुढचा मेमो ज्याला येईल त्याला भरावं की लढावं हे ठरवताना तोच कागद लागणार आहे.